आलाच आहेस तर

आमच्या भागात तिला ‘सेफ्टी टाकी’ म्हणतात. ‘सेप्टिक’ हा शब्द जिभेला जड, म्हणून त्याचा अपभ्रंश झाला असं भाषेचे जाणकार सांगतील. आम्हाला ते पुरेसं वाटत नाही. १८९५ च्या सुमारास इंग्लंडमधल्या एक्सेटर शहराचा सर्वेक्षक डोनाल्ड कॅमेरॉन याने अशी एक टाकी बांधली आणि आत जे कुजतं त्यावरून तिचं नाव ठेवलं. त्याच्याही आधी फ्रान्समध्ये लुई मुरास याने मैल्याचा बंद हौद बांधून १८८१ साली पेटंट घेतलं होतं. दोघेही कर्तबगार, पण दोघांनीही फक्त टाकीच्या आत पाहिलं. टाकीच्या वर राहणाऱ्याला काय वाटायला हवं, याचा विचार केला तो आमच्याकडच्या गवंड्यांनी. त्यांनी नाव बदललं, आणि त्या दिवसापासून आपण सगळे सुरक्षित आहोत. म्हणजे आपण, वर राहणारे.

या टाकीवर मराठी गृहस्थाचा जेवढा विश्वास आहे तेवढा त्याचा बँकेवर नाही, डॉक्टरवर नाही, पोटच्या पोरांवर तर नाहीच. मिक्सरचं वॉरंटी कार्ड तो मिक्सर भंगारात गेल्यावरही जपून ठेवतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी घातलं त्याची तारीख कॅलेंडरवर असते. टाकी कुठे आहे असं विचारलं तर मात्र त्याचा हात अंगणाच्या दिशेने साधारण एक अर्धवर्तुळ काढतो. बांधताना जागेचा भरपूर काथ्याकूट झालेला असतो, वास्तुशास्त्रवाल्याला पैसे मोजून वायव्य कोपरा ठरवलेला असतो. दिशा एकदा शुभ ठरली की पुढचं बघायची गरज उरत नाही. झाकणं सिमेंटने लिंपतात, त्यावर कोबा, कोब्यावर पेव्हर ब्लॉक, पेव्हर ब्लॉकवर हप्त्याची गाडी. आमच्या गल्लीत एका घरी टाकीच्या झाकणावरच तुळशीवृंदावन बांधलं आहे. तिन्हीसांजेला तिथे दिवा लागतो. घाणीला इतक्या आदराने विसरणारा समाज दुसरीकडे सापडणं कठीण.

आत काय चालतं ते एकदा सांगून टाकतो. वाचकांनी चहा बाजूला ठेवावा. मैला आत येतो. जड ते तळाला बसतं, त्याचा गाळ होतो. तेलकट, चरबट ते वर तरंगतं, त्याची साय धरते. मधलं, त्यातल्या त्यात निवळ पाणी दुसऱ्या कप्प्यात जातं, तिथून शोषखड्ड्यात, तिथून जमिनीत. सगळी मेहनत जंतूंची. ना हवा, ना उजेड, ना साप्ताहिक सुट्टी; बिनपगारी, बिनतक्रार, पिढ्यान्‌पिढ्या त्याच अंधारात. असले कामगार घरात असले की मजुरीविषयीच्या आपल्या एकूण कल्पना तिथेच घडतात, याकडे अर्थशास्त्रज्ञांचं लक्ष गेलेलं दिसत नाही.

जंतूंशी आपलं वागणंही इतर कामगारांशी असतं तितकंच ममतेचं आहे. दिवाळीच्या साफसफाईत संडास पांढराशुभ्र दिसावा म्हणून ॲसिडची बाटली ओततो, त्यात ते घाऊक मरतात. मग वाईट वाटून दुकानातून जंतूंची पुडी आणून सोडतो. आमचे एक स्नेही दर अमावास्येला गूळ आणि यीस्ट घालतात. त्यांचे गावाकडचे भाऊ शेण कालवून सोडतात. नैवेद्य दाखवला की गाळ आपोआप नाहीसा होतो, अशी श्रद्धा आहे. होत नाही. जंतू पुष्कळ पचवतात, तरी काही उरतंच, आणि उरलेलं दर दोन-तीन वर्षांनी उपसावं लागतं. न उपसलं तर गाळ शोषखड्ड्यात जातो, मातीची छिद्रं बुजतात, आणि जे आपण विसरलो होतो ते न्हाणीघराच्या जाळीतून वर येऊन आपली आठवण काढतं. अर्थात हे अभियंत्यांचं म्हणणं झालं. गृहस्थाचं म्हणणं वेगळं आहे, आणि घर गृहस्थाचं आहे.

‘आमची टाकी बावीस वर्षांत एकदाही भरली नाही,’ हे वाक्य आम्ही लग्नाच्या पंगतीत ऐकलं आहे. लोक ज्या सुरात मुलाच्या आयआयटीचं सांगतात, त्याच सुरात. रहस्य साधं आहे: टाकीला तळ नाही. गवंड्याने चार भिंती उभ्या केल्या, खाली मुरूम तसाच ठेवला, ‘जमीन पिऊन घेते, साहेब,’ म्हणाला, आणि सिमेंटच्या चार गोणी वाचल्या. भारतीय मानकांत शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर लांब असावा असं लिहिलेलं आहे. लिहिणाऱ्यांनी गुंठेवारीतला प्लॉट पाहिलेला नसावा. दीड गुंठ्यात १८ मीटर आणायचे कुठून? तेव्हा टाकी एका कोपऱ्यात, बोअर दुसऱ्या कोपऱ्यात, आणि मध्ये आपण. घरचं पाणी घरातच राहतं. पोरांची पोटं वरचेवर बिघडतात म्हणून आरओ बसवतात. त्या आरओची सर्व्हिसिंग मात्र दर सहा महिन्यांनी, स्वतः फोन करून, अगदी वेळेवर.

ज्यांच्या टाकीला दुर्दैवाने तळ आहे, तेही निभावून नेतात. शोषखड्डा खणण्याऐवजी मागच्या उघड्या गटाराला पाइप जोडतात. गटार नगरपालिकेचं, म्हणजे सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नाही. पावसाळ्यात हिवतापवाला येऊन व्हेंट पाइपला जाळी बांधा म्हणून सांगून जातो. बांधत नाही. डासांनाही घर हवं.

गावाकडे तर याहून उदात्त विचार झालेला आहे. सरकार गेली कित्येक वर्षं दोन शोषखड्ड्यांचा संडास बांधा म्हणून सांगतं. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा; पहिल्यातल्या मैल्याचं वर्ष-दीड वर्षात खत होतं, कोरडं, बिनवासाचं, फावड्याने कुणीही काढावं असं. ‘कुणीही’ हा शब्द आला आणि योजना तिथेच अडली. कुणीही म्हणजे आपणही, हे गावाच्या लगेच लक्षात आलं. म्हणून गाव दहा बाय दहाची टाकी बांधतं, वर स्लॅब टाकतं आणि म्हणतं, पन्नास वर्षं बघायला नको. पन्नास वर्षांनी बघणारा कोण असेल हे त्यांना माहीत नाही. कोणत्या वस्तीतला असेल हे माहीत आहे. २००० साली गाडगेबाबांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान निघालं, २०१४ ला स्वच्छ भारत आलं, संडास मोजले गेले, त्यांचे फोटो निघाले. टाकी जमिनीखाली असते, फोटोत येत नाही, म्हणून तिच्या वाट्याला तो त्रास आला नाही.

या सुखी व्यवस्थेला तडा देण्याचं काम राज्यातल्या दोन गावांनी केलं, हे खेदाने नोंदवावं लागतं. वाई आणि सिन्नर. २०१८-१९ पासून तिथे मैला उपसणारी गाडी पाळीपाळीने घरोघरी येते, तीन वर्षांत एकदा, टाकी तुंबलेली असो वा नसो. ना फोन, ना ओळख काढणं, ना ‘फार अर्जंट आहे हो’. उपसलेला गाळ अंधारात ओढ्याला न सोडता शुद्धीकरण केंद्रावर नेतात. यात नागरिकाच्या वाट्याला काय उरलं? ऐन सणाच्या आदल्या दिवशी तुंबण्यातला थरार गेला. ‘पाणी तुमच्याकडून येतंय की आमच्याकडून’ हा भिंतीवरून चालणारा संवाद गेला. ज्या वाईत मराठी विश्वकोशाचं एवढं काम झालं, त्या वाईने ज्ञानाचा इतका थेट उपयोग करावा, हे कुणाला अपेक्षित नव्हतं.

बाकी महाराष्ट्रात अजून बरीच मोकळीक आहे. तुंबल्यावर बघू, हे आपलं धोरण, आणि तुंबल्यावर आपण बघतोही. गाडीवाला तीन हजार सांगतो. गाडी गल्लीत शिरत नाही, कारण दोन्ही बाजूंना आपल्याच गाड्या लावलेल्या असतात. पाइप पोचत नाही, कारण टाकी मागच्या अंगाला आणि मधल्या बोळात आपण पत्र्याची खोली काढलेली असते. शिवाय गाडी दारात उभी राहिली की सगळ्या गल्लीला कळतं. आपल्या घरी हे होतं आणि इतरांकडे होत नाही असा समज पसरतो. आणि एवढं सगळं जमवून पाइप आत सोडलाच, तरी पंधरा वर्षं न उपसलेला गाळ तळाशी इतका घट्ट बसलेला असतो की पंपाला ओढत नाही. मग फावडं लागतं, आणि फावडं आजवर एकटं खाली उतरलेलं नाही.

इथे हरकाम्या येतो.

हरकाम्या म्हणजे नळ, फ्यूज, पत्रे, पन्हाळी, नारळाच्या झावळ्या, मांजरीने अडगळीत घातलेली पिल्लं, यांतल्या कशालाही ज्याला बोलावता येतं आणि ज्याच्या कामाची यादी तो आल्यावर तयार होते, असा माणूस. सरकारला यासाठी निविदा काढावी लागते. घरात ‘आलाच आहेस तर’ एवढं पुरतं. मराठीत याहून किफायतशीर शब्दप्रयोग आम्हाला माहीत नाही. ‘आलाच आहेस तर माळ्यावरची तेवढी ट्रंक खाली काढ.’ ‘आलाच आहेस तर पन्हाळीतला पाला बघ.’ यात हुकूम नाही, जबरदस्ती नाही, मजुरीचा उल्लेख तर नाहीच. उलट त्याच्या येण्याचं चीज व्हावं अशी कळकळ आहे. आणि मग चौथ्या-पाचव्या पायरीवर, चहा झाल्यानंतर: ‘आलाच आहेस तर ते मागचं झाकण जरा उचलून बघतोस का?’ झाकण उचललं की बघणं आलं, बघितलं की ‘थोडंच आहे’ आलं, थोडंच असलं की बादली आली, आणि बादली पुरेनाशी झाली की पाय आले. कुणी कुणाला टाकीत उतर म्हणालं, असं शेवटपर्यंत होत नाही.

हरकाम्याने काखा वर केल्या तर मजूर अड्डा आहे. सकाळी आठला चौकात डबे घेऊन माणसं उभी असतात; आपली दुचाकी थांबली की दहा जण घोळका करतात. रंगारी निवडताना आपण त्याने रंगवलेली दोन घरं बघून येतो. सुताराला प्लाय कोणता वापरणार ते विचारतो. कामवालीचं आधार कार्ड घेऊन ठेवतो. टाकीसाठी नेणाऱ्या माणसाला मात्र एकच प्रश्न असतो: किती घेणार? त्याचं वय, दमा, अनुभव, घरी कोण कोण आहे, असल्या चौकशा करून त्याला अवघडून टाकत नाही. काम काय आहे हेही बऱ्याचदा पोचल्यावर सांगतो. ‘बागेचं आहे थोडं’ हे खोटं नव्हे, कारण टाकी बागेतच असते. समान संधीचं इतकं निर्मळ उदाहरण सरकारी भरतीत सापडायचं नाही.

उतरण्याआधी एक क्वार्टर द्यायची पद्धत आहे. हाताने मैला साफ करून घेण्याला बंदी करणाऱ्या २०१३ च्या कायद्याखालच्या नियमांत असं काम करणाऱ्याला द्यायच्या ४४ साधनांची यादी दिली आहे: श्वास घ्यायचं उपकरण, वायू मोजायचं यंत्र, अंगाला बांधायचे पट्टे, तिकाटणं, गमबूट वगैरे. यादी करणाऱ्यांनी बारीकसारीक विचार केला होता, यात शंका नाही. आपण ती ४४ साधनं एका बाटलीत बसवली.

टाकीतल्या वायूच्या अंगीही एक सौजन्य आहे, त्याची नोंद घेतली पाहिजे. हायड्रोजन सल्फाइड, कुजक्या अंड्याच्या वासाचा. अगदी किंचित असला तरी नाकाला कळतो. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभराच्या आसपास भाग झाले की तो नाकाची जाणीवच मारून टाकतो. म्हणजे वास वाढत वाढत जातो आणि ऐन धोक्याच्या वेळी थांबतो. खालचा माणूस म्हणतो, ‘वास गेला.’ वरचा म्हणतो, ‘बघ, उगाच घाबरत होतास.’ दोघंही खरं बोलत असतात. मग खालून आवाज येत नाही. तेव्हा त्याला काढायला दुसरा उतरतो, भाऊ नाहीतर मेहुणा नाहीतर अड्ड्यावरचा जोडीदार, आणि त्या दुसऱ्याला काढायला तिसरा. वर्तमानपत्रातल्या या बातम्यांत मेलेला माणूस बहुधा एकटा का नसतो, त्याचं कारण हे. वर गर्दी पुष्कळ असते, दोरी नसते. कपडे वाळत घालायची असते, पण ती नायलॉनची आणि नवी.

मिथेनही असतो, तो पेटतो. म्हणून झाकण काढल्यावर पेटती काडी टाकून बघणारे प्रयोगशील लोकही आहेत. काडी विझली तर आत हवा नाही, आणि भडकली तर पुढच्या प्रयोगाची गरज नाही.

कायद्याविषयी आपल्याला आदर आहे, आणि ज्याच्याविषयी आदर असतो त्याला आपण सहसा त्रास देत नाही. हाताने मैला साफ करून घेण्याला बंदी करणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा. २०१३ च्या कायद्याने साधनांशिवाय माणूस गटारात किंवा टाकीत उतरवणं हा गुन्हा ठरवला: पहिल्या खेपेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुढच्या खेपेला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई दहा लाख ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. आता हिशेब बघा. गाडीचे तीन हजार, माणसाचे तीस लाख, बरोबर हजारपट. भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीसाठी वाद घालणारा मध्यमवर्गीय इथे तीन हजार कसे वाचवायला जातो, असा प्रश्न परक्या माणसाला पडेल. आपल्याला पडत नाही. तीन हजार आपल्या खिशातले असतात.

गोवंडीतल्या एका सोसायटीच्या टाकीत डिसेंबर २०१९ मध्ये तिघे गेले. भरपाईसाठी त्यांच्या बायकांना मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा २०२१ मध्ये राज्य सरकारने त्यांना दहा-दहा लाख द्यावेत असा आदेश झाला. जबाबदार असतील त्यांच्याकडून सरकारला ते वसूल करता येतील, असंही न्यायालयाने म्हटलं. ते वाचून आमच्या ओळखीच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी ताबडतोब पावलं उचलली: पुढच्या खेपेपासून काम ठेकेदारामार्फत.

सरकारच्या शब्दयोजनेलाही दाद द्यायला हवी. २०२१ च्या फेब्रुवारीत संसदेत सांगण्यात आलं की पाच वर्षांत गटारं आणि टाक्या साफ करताना ३४० माणसं मेली. त्याच वर्षी जुलैत सांगण्यात आलं की हाताने मैला साफ करताना कुणी मेल्याची नोंद नाही. दोन्ही विधानं एकमेकांना धक्का न लावता शेजारी नांदतात, कारण कागदावर मैला साफ करणारा वेगळा आणि टाकीत उतरणारा वेगळा. खाली गेल्यावर हा फरक जाणवत नसेल, पण फरक आहे.

काही लोक या विषयात जात आणतात. आमच्या कॉलनीत जात कुणीच मानत नाही. टाकीसाठी येणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच दोन-चार वस्त्यांतून येतात, हा योगायोग. त्यांना चहा द्यायचा कान तुटलेला कप खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर असतो, हा जागेचा प्रश्न. १९३२ च्या अखेरीला रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी अन्न कमी करत नेत उपोषणच आरंभलं. मागणी काय, तर मैला सफाईचं काम मला करू द्या. जन्माने ब्राह्मण, म्हणून तुरुंगाचे नियम त्यांना ते करू देत नव्हते. येरवड्यात गांधींनीही त्यांच्यासाठी उपास केला. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रम काढून अप्पांनी मैल्याचं खत करण्यात वर्षं घातली. अशा माणसाचं आपण कौतुक करतो, पुण्यतिथी लक्षात ठेवतो. हट्ट मात्र आमच्या पिढीतल्या कुणी धरला नाही. ज्याचं काम त्याच्याकडेच राहू दिलं. दुसऱ्याच्या रोजगारावर अतिक्रमण करणं आम्हाला प्रशस्त वाटत नाही.

आता घरचं सांगतो. इथे ‘आम्ही’ सोडून ‘मी’ म्हणावं लागेल.

मागच्या गौरीगणपतीच्या आधी एक पोरगा फ्लशची टाकी गळते म्हणून आला होता. बावीस-तेवीसचा, पाठीला कॉलेजची सॅक, सॅकमध्ये पाना-पक्कड. पंधरा मिनिटांत वॉशर बदलला. ट्रंक उतरवली. पन्हाळ साफ केली. चहा झाला, तोही गडबडीत चांगल्या कपात गेला. मग मी ते वाक्य म्हटलं.

त्याने पेव्हर ब्लॉक काढले, पहार घालून झाकण चार बोटं उचललं, उकिडवा बसला, आणि आत बघायच्या आधी माझ्याकडे बघितलं.

‘काका, कधी उपसली होती?’

‘धाकटीची दहावी होती त्या वर्षी.’

‘ताई आता काय करतात?’

‘बेंगळुरूला असते. एक मुलगा आहे तिला.’

त्याने झाकण होतं तसं बसवलं. ब्लॉक परत लावले, एकेक, सांधा जुळवून. नळावर जाऊन हात साबणाने धुतले. ‘गाडी बोलवा, काका. वॉशरचे अडीचशे झाले.’

‘अरे, थोडंच असेल. वरचं वर...’

‘अडीचशे,’ तो म्हणाला.

ट्रंकेचे आणि पन्हाळीचे त्याने मागितले नाहीत, म्हणून मीही तो विषय काढला नाही. हल्लीच्या मुलांत कामाची आवड राहिली नाही, असं मी संध्याकाळी शेजारच्या अण्णांना सांगितलं. त्यांना ते पटलं.

पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते. माझ्या फोनमध्ये एक नंबर होता: ‘टाकीवाला’. धाकटीच्या दहावीच्या वर्षी आला होता तो. मध्यंतरी तीन फोन बदलले, नंबर आपोआप इकडून तिकडे येत राहिला. लावला. एका बाईने उचलला. मी विचारलं, ‘टाकीवाले आहेत का?’

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘ते नाहीत आता.’

नाहीत म्हणजे घरी नाहीत, की धंद्यात नाहीत, की आणखी काही, ते विचारता आलं असतं. नावाने विचारता आलं असतं तर बरं दिसलं असतं. मी ‘बरं बरं’ म्हणून फोन ठेवला. रात्री अण्णांनी दुसऱ्या एकाचा नंबर दिला. जुना खोडून तो मी त्याच जागी घातला. नाव बदलावं लागलं नाही.